कपाटातला तिसरा दिवा

उत्तरेश्वरदादाला संशय यायला कारण लागत नसे. कुत्रं भुंकलं तर का भुंकलं, आणि नाही भुंकलं तर का नाही भुंकलं, दोन्हीकडून हा माणूस जागा. दूधवाल्यानं दोन दिवस घट्ट दूध घातलं, तर तिसऱ्या दिवशी दादानं त्याला उंबऱ्यावर उभा करून विचारलं होतं, "खरं सांग, काय काम काढलंयस माझ्याकडं?" बायको तुळजाबाई म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला तवाबी हे वाकून बगत हुते, पलीकडं मीच हाय का दुसरी कोण हुबी केलीय." ही थट्टा नव्हती. दादा खरंच वाकला होता, आणि भटजीनं त्याला सगळ्यांसमोर दटावलं होतं.

पण अख्ख्या माकणी गावात एका माणसावर त्यानं जन्मात कधी संशय घेतला नव्हता. हणमंतप्पावर. दोघं एका वर्गातले, एका पारावरचे. अप्पा पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या गावातल्या जेवढ्या मोटारी जळाल्या, तेवढ्या त्याच्या हातून जिवंत झाल्या. एकदा कडबा कापताना कुट्टीच्या मशिनीत दादाचा उजवा हात ओढला गेला. अप्पानं झेप घेऊन खटका पाडला. करंगळीशेजारचं, कुंकू लावायचं बोट तेवढं टोकाला तिरकं कापलं गेलं, हात वाचला. तेव्हापासून दादा दिसेल त्याला सांगायचा, "ह्यो हात माझा न्हाय, अप्पाचा हाय." पूजा मात्र त्यानं त्याच बोटानं करायचं सोडलं नाही. त्यामुळं त्याचा टिळा कधी गोल उमटायचा नाही. एका अंगानं तिरका, चिरल्यासारखा. ट्रॅक्टरवर, मोटारीच्या पेटीवर, बैलाच्या कपाळावर तसला टिळा दिसला की गाव ओळखायचं, हे उत्तरेश्वरदादाचं.

आणि आता त्याच अप्पावर दादाचा संशय गेला होता. कारण काय, तर कपाट.

कपाट म्हणजे टीव्ही. सोलापुरातलं एक लॉज बंद पडलं तेव्हा दादानं तो टेम्पोत घालून आणला होता. खाली उतरवायला चार गडी लागले. आत्ताच्या टीव्हीसारखा तो भिंतीला चिकटणारा नव्हता. हातभर खोल, पोटात आरसा, आणि पाठीमागं एक दिवा. दिवा पेटला की उजेड आरशावर जायचा आणि तिथून पडद्यावर चित्र उमटायचं. पडदा असा रुंद की गोलंदाज धावत आला की पुढची माणसं पाय आखडून घ्यायची. रोज दिवेलागणीला दादाच्या बैठकीच्या खोलीत दहा-बारा माणसं जमायची. सामना असो, बातम्या असोत, सोयाबीनचा भाव असो, बघायचं ते कपाटावर, आणि बघून झालं की भांडायचं तेही कपाटासमोर. दादाला त्यातलं काय आवडायचं, तर त्याच्या दारात निघणाऱ्या चपला. तो त्या येता-जाता नजरेनं मोजून ठेवायचा. आणि पडद्यासमोरच्या पहिल्या खुर्चीवर अप्पा बसायचा. ती खुर्ची दुसऱ्या कुणाची नव्हती.

लॉजातून आला तेव्हा आत जो दिवा होता, तो लई वर्षं चालला. मग चित्र मिणमिणायला लागलं. पोरं म्हणाली, भिंतीवरचा नवा घेऊ. दादा म्हणाला, कपाट हाय तोवर हाय. अप्पाचा मुलगा उत्कर्ष पुण्यात नोकरीला. त्यानं तिकडून नवा दिवा मागवला आणि अप्पाच्या पत्त्यावर पाठवला.

तो दिवा बसवला खंडेनवमीला. अप्पा स्वच्छ धोतर नेसून आला. आधी त्यानं टीव्हीची पिनच भिंतीतून उपटून काढली. "नुसतं बटण बंद करून भागत न्हाय," म्हणाला. मग तासभर कुणाला कपाटाला हात लावू दिला नाही, आतला दिवा निवू दे म्हणून. मग कपाट भिंतीपासून सरकवलं, पाठीमागचं लहान झाकण उघडलं, दोन स्क्रू सैल केले आणि काळ्या प्लास्टिकच्या घरासकट जुना दिवा कडीला धरून सरळ ओढून काढला. नवा दिवा खोक्यातून काढून त्यानं टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि बजावलं, "ह्याच्या पुढच्या काचंला कुणी बोट लावायचं न्हाय. बोटाचं तेलकट लागलं तरी काच तिथंच तापती आन् तडकती. दिवा बी फुटतो मग." आणि हात धुवायला न्हाणीकडं गेला.

खंडेनवमी म्हटल्यावर घरात पूजेचं ताट तयार होतं. लोखंडावर टिकावं म्हणून तुळजाबाईनं हळद-कुंकू तेलात कालवलं होतं. विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, मोटारीची पेटी, शिवणाचं मशीन, सगळ्यांना टिळे लावून दादा ताट घेऊन आत आला. टेबलावर नवी वस्तू. नव्या वस्तूला टिळा न लावता ती कामाला जुंपायची, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. त्यानं एक टिळा काळ्या घराला लावला, एक काचेला लावला, अक्षता टाकल्या, हात जोडले. अप्पाचं बजावणं त्याच्या कानात होतं. पण ते हात लावण्याबद्दल होतं, आणि टिळा लावणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. निदान दादाच्या हिशेबी नव्हे.

अप्पा परत आला, काळ्या घरावरचा टिळा पाहून त्यानंही नमस्कार केला, आणि पाठीमागच्या कडीला धरून दिवा आत सरकवला. काच पलीकडच्या अंगाला. त्यात अप्पाचा एक डोळा मोतीबिंदूचा. झाकण नीट बसल्याशिवाय टीव्ही सुरूच होत नाही, म्हणून तेही त्यानं दाबून पाहिलं. चित्र आलं. लख्ख आलं, फक्त जरासं पिवळसर.

दिवाळी पाडव्याला अप्पाच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून एक लांबलचक, चपटं खोकं उतरलं. दादानं ते आपल्या ओट्यावरून पाहिलं. खोक्यावर टीव्हीचं चित्र होतं. संध्याकाळी अप्पा बैठकीला आला, पहिल्या खुर्चीवर बसला, सुपारी कातरली, उसाच्या तोडीवर बोलला. खोक्याबद्दल अवाक्षर नाही. दादानं वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. आणि त्याच आठवड्यात कपाटाच्या पोटात फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

तिथं दादाच्या मनात पाल चुकचुकली.

संक्रांतीला दुसरा दिवा आला. तोही उत्कर्षनं पाठवलेला, तोही आधी अप्पाच्या घरी उतरलेला. टिळा लावायचा तो दादानं रिवाजाप्रमाणं लावलाच. अप्पा हात धुवायला गेला होता तेवढ्यात. पण यावेळी अप्पाचं वागणं त्याला खटकलं. हात धुवायला गेलेला माणूस परत यायला तयार नाही. तुळजाबाई सांगत आली, "तीनदा साबण लावला त्यांनी, पुजाऱ्यावानी." मग खिशातून कोरा रुमाल काढून अप्पानं उजव्या हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "सगळ्यांनी जरा भाईर व्हा." कधी नाही ते. आजवर हा माणूस दहा जणांच्या घोळक्यात मोटारी उघडत आला, आता एक दिवा बसवायला एकांत पाहिजे? दादा बाहेर उभा राहिला खरा, पण त्याचं सगळं लक्ष बंद दाराकडं.

चित्र पुन्हा पिवळसर आलं. महिना काही धड गेला नाही, दिवा पुन्हा फुटला.

आता बैठकीत भागवत नावाचा एक इसम होता. त्याला दुसऱ्याच्या घरातला धूर बघितल्याशिवाय चहा गोड लागत नसे. तो दादाच्या कानाला लागला. "दादा, राग मानू नका, पण पिवळं कशानं दिसतंय वो? असली दिवा आसता तर दुधावानी उजेड पडला आसता. पुण्याहून असलीच येत आसंल. मधी कुठं बदलतोय ते बगा."

"अप्पा आसं का करंल?" दादा म्हणाला.

"नवा टीव्ही आणून ठिवलाय की त्यानं घरात. कपाट बंद पडलं तर माणसं कुठं जातील? पहिल्या खुर्चीवर बसून बसून त्याला बी वाटलं आसंल, एकदा आपुनबी यजमान व्हावं."

दादानं त्याला झापलं, पण बोलणं आत गेलं ते गेलंच. आणि एकदा का किडा आत गेला, की मग काय! मागचं सगळं त्याच रंगाचं दिसायला लागलं. 'काचेला हात लावू नका' म्हणतो, का? तर कुणी निरखून बघू नये म्हणून. बाहेर व्हा म्हणतो, का? तर अदलाबदल करायला. टीव्ही आणल्याचं सांगत नाही, का? सगळं कसं बरोबर जुळत होतं. रात्री जेवताना घास तोंडाशी नेऊन दादा थांबायचा. त्याला राग येत होता, पण रागापेक्षा दुखत होतं जास्त. परक्यानं फसवलं तर माणूस भांडतो. अप्पानं फसवलं तर काय करायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दारातल्या चपला कमी व्हायला लागल्या. कपाट मुकं होऊन बसलं होतं आणि अप्पाची खुर्ची कुणी नसताना उगाच डोळ्यांपुढं यायची. अप्पा मात्र रोज यायचा. बसायचा आणि काळ्या पडद्याकडं बघायचा. सुपारी कातरायचीही त्यानं सोडली होती. "उत्कर्षला सांगितलंय," म्हणायचा. "तिसरा येतोय. ह्या बारीला नीट बसवतो." त्याचं ते 'ह्या बारीला' सुद्धा दादाला टोचलं. म्हणजे मागच्या दोन बारीला नीट बसवला नव्हतास?

तिसऱ्या दिव्याला दादानं सापळा लावायचं ठरवलं. खोकं आलं त्या दिवशी तो स्टँडवर आधीच जाऊन उभा राहिला, कुरिअरवाल्याकडून परस्पर ताब्यात घेतलं आणि घरी आणून आतल्या खोलीत कडी लावली. चिकटपट्टी त्यानं स्वतः कापली. तुळजाबाईला म्हणाला, "ताट आण."

"आज कसली पूजा?"

"तू आण."

दिवा हातात घेऊन त्यानं उजेडात फिरवून पाहिला. मग तेलातल्या हळद-कुंकवात तुटकं बोट चांगलं बुडवलं आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात दाबून टिळा लावला. पहिल्या दोन्हीपेक्षा ठसठशीत. तिरका, चिरल्यासारखा. ह्या बोटाची नक्कल अख्ख्या जिल्ह्यात कुणाला करता यायची नाही. उद्या दिवा फुटला, की झाकण उघडायचं. आत टिळा नसलेला दिवा निघाला, की अप्पा सापडला. दादाला आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं. पण मनातून त्याला वाटत होतं, टिळा असावा. देवा, असू दे आत.

"काचंला नगं म्हनले हुते ना अप्पा?" तुळजाबाई म्हणाली.

"तो म्हणणारच," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अप्पा आला. दादानं काच भिंतीकडं करून दिवा आधीच टेबलावर फडक्यावर ठेवला होता. पिन काढली. गेला हात धुवायला. तुळजाबाई टॉवेल घेऊन उभी राहून राहून कंटाळली. परत आला, रुमाल गुंडाळला, सगळ्यांना बाहेर काढलं. यावेळी दादानं मागच्या खिडकीची फट धरून ठेवली होती. पण फटीतून दिसली ती अप्पाची पाठ. तो कपाटामागं गुडघे टेकून बसला होता आणि काही केल्या पुढं सरकत नव्हता. एकदा हात खाली टाकून स्वस्थ बसला. मग पुन्हा खिशात हात घातला. काय काढलं? दिसलं नाही. मग एकदम खाली वाकला आणि झाकण बसल्याचा आवाज आला. झाली, अदलाबदल झाली!

त्या संध्याकाळी खोली पुन्हा भरली. चित्र पिवळंच होतं, मागच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त. भागवत दादाकडं बघून नुसता खाकरला. सामना रंगात आला होता. पहिल्या खुर्चीवर अप्पा अंग चोरून बसला होता. त्याची नजर पडद्यावर नव्हती, कपाटाच्या पाठीकडं होती. हेही दादानं टिपलं. बॉम्ब ठेवलेल्या माणसासारखा का बघतोय हा?

आणि धाडकन आवाज झाला.

सगळ्यात आधी अप्पाच उठला. "पिन काढा! खिडक्या उघडा, सगळ्यांनी भाईर चला. फुटल्यावर त्यातला पारा हवेत येतो, श्वासात घेऊ नका!" माणसं ढकलत-ढकलत अंगणात आली. पोरांना हसू आवरेना. अप्पा शेवटी आला, दार ओढून घेतलं, आणि वळून बघतो तर समोर दादा.

"तिसरा," दादा म्हणाला.

अप्पा दाराची कडी हातात धरून उभा राहिला.

"तिसरा दिवा, अप्पा. पुण्याहून चांगला निघतो, माझ्या कपाटात गेला की फुटतो. मधी एकच माणूस हाय. मी इचारतो, तुला माझ्या दारातली माणसं पायजे हुती तर मागायची हुतीस. म्या हात धरून तुझ्या घरी आणून बसवली आसती. आसं मागच्या दारानं कशाला?"

पोरांचं हसू थांबलं. तुळजाबाईनं "अवो" म्हणून दादाचा सदरा ओढला, तो त्यानं झटकला.

दादाला वाटलं होतं, अप्पा उसळेल. शिवी देईल. अंगावर येईल. ते आलं असतं तर बरं झालं असतं. पण अप्पानं मान खाली घातली, आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं, आणि म्हणाला, "माझ्याच हातनं झालं, उत्तऱ्या. माझंच चुकलंय ह्यात." मग चपला शोधल्या. अंगठ्यात बोट जाईना, तशाच पायात अडकवल्या आणि गेला.

"कबूल केलं की हो!" भागवत म्हणाला.

दादाला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. जेवला नाही तो त्या रात्री.

सकाळ झाली. खिडक्या उघड्याच होत्या. दादानं कपाट भिंतीपासून सरकवलं. अप्पाचं बघून बघून त्याला सगळं पाठ झालं होतं. पिन निघालीय ना, बघितलं. नाकाला उपरणं बांधलं, हाताला जाड फडकं गुंडाळलं, झाकण उघडलं, दोन स्क्रू सैल केले आणि कडीला धरून दिवा बाहेर ओढला. खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. काचेचे तुकडे खुळखुळले. पुढच्या काचेचा मोठा तुकडा अजून कोपऱ्यात अडकून राहिला होता.

त्या तुकड्यावर टिळा होता.

कुंकू जळून काळपट तपकिरी झालं होतं, पण आकार तोच. तिरका, चिरल्यासारखा. आणि काचेला गेलेली प्रत्येक तड त्या टिळ्यातून निघाली होती. एक इकडं, एक तिकडं, सगळ्या तिथूनच.

दादाची सवय अशी वाईट, की पहिला विचार आला तोही संशयाचाच. "नक्कल केली त्यानं," तो पुटपुटला. "माझा टिळा बगून तसलाच दुसऱ्या दिव्याला लावला."

तुळजाबाई मागं येऊन उभी होती. तिनं तुकड्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "आन् त्यासाठी बोट बी कापून घेतलं आसंल त्यांनी," ती म्हणाली. "तिन्ही दिव्यांना टिळा कुणी लावला? मला ताट कुणी मागितलं? नगं म्हनलेलं कुणाला सांगितलं हुतं मी?"

दादानं तुकडा फडक्यानं सोडवून खिडकीच्या उजेडात धरला. तिन्ही वेळचं पिवळं चित्र त्याला आठवलं. असली-डुप्लिकेट काही नव्हतं. हळद होती ती. त्याच्या स्वतःच्या बोटाची हळद अख्खी बैठक एवढे दिवस बघत बसली होती.

तुकडा कागदात गुंडाळून तो निघाला. पारावर भागवत होताच. "काय निघालं, दादा?" म्हणाला. दादा थांबला. सांगावंसं वाटेना, पण काल जे सगळ्यांसमोर बोलला, ते आज पाठीमागं गिळून टाकायचं हे त्याला पटेना. "माझं बोट निघालं," तो म्हणाला. "अप्पा साफ हाय. तू आन् मी, दोघंबी नालायक." आणि भागवताचं तोंड मिटायच्या आत पुढं गेला.

अप्पाच्या दारात मल्लम्मा, त्याची बायको, भांडी घासत होती. एरवी 'या दादा' म्हणून पदर सावरत उठणारी बाई, आज उठली नाही. "आत हायत," एवढंच म्हणाली. आणि दादा उंबऱ्यावर असताना मागून बोलली, "त्या हातावर एवडी वर्सं घर चाललं आमचं. दोन म्हयनं झालं, त्येंनी मोटारी घ्यायच्या बंद केल्यात. काल येऊन पक्कड-पान्यांची पिशवी माळ्यावर टाकली. म्हनले, ह्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाय."

दादा आत गेला. भिंतीला टेकून ते लांबलचक खोकं उभं होतं. पट्टी तशीच, न उघडलेली. वर एवढी धूळ. अप्पा खाटेवर बसला होता, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून.

"ह्ये उघडलं न्हाईस?" दादा म्हणाला.

"उत्कर्षनं पाठवलाय. बसवून झाला की तुला बोलवून दावणार हुतो. भिंतीत खिळं मारायचं, एवढा महाग पडदा धरायचा." अप्पा खोक्याकडं न बघता म्हणाला. "तुझा पैला दिवा फुटला आन् मग माझी हिंमत झाली न्हाय. लोकाला कुठं सांगू, टीव्ही आलाय पण लावायची भीती वाटती. हात थरथरतात रं, उत्तऱ्या. कळत न कळत माझंच बोट काचंला लागत आसंल. किती धुतलं, रुमाल गुंडाळला, तुमाला भाईर काडलं, म्हनलं थरथर कुणाला दिसू नये. काल तर अर्धा तास तिथं नुसता बसून हुतो, देवाचं नाव घेत. खिशातला अंगारा बी कपाळाला लावला. तरी फुटलाच. तू बोललास ते खरंच हाय. माझ्याच हातनं झालं."

जन्मभर दादानं दूधवाल्यापासून अप्पापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त स्वतःवर नाही. आणि हा माणूस पहिल्यापासून फक्त स्वतःवरच संशय घेत बसला होता.

दादानं खाटेवर कागद उलगडला. अप्पा लगेच ओरडला, "नुसत्या हातात धरू नगं! पारा आसतो त्याला." मग पुढं वाकला. चांगल्या डोळ्यापाशी कागद नेला.

दादानं आपला उजवा हात त्या टिळ्याशेजारी धरला. तुटकं बोट पुढं काढून. "तिन्ही दिव्यांना, अप्पा," तो म्हणाला. "तू हात धुवायला गेलास की मी लावायचो. पैल्या दोन बारी पूजा म्हणून. ह्या बारी तुला धरायला म्हणून." आणि मग त्याला रडू फुटलं, पुरुष माणूस, तरी फुटलं.

मारशील तर मार, हे म्हणायची तयारी दादानं वाटेतच केली होती. पण अप्पा रागावला नाही. त्यानं मांड्यांखालून दोन्ही हात बाहेर काढले, खिडकीच्या उजेडात धरले, उलटे-सुलटे करून बघितले. थोडे थरथरत होतेच ते.

"म्हंजे उत्तऱ्या," तो हळूच म्हणाला, "माझे हात चांगले हायत?"